पावसाचा खंड आणि आमची उधारी

कापडाच्या धंद्यातील माणसाला पावसाशी काय देणेघेणे, असे शहरातील व्यापारी बांधव आम्हास नेहमी विचारतात. साडी सुरतेची, चादर सोलापूरची, लुंगी व धोतराचे कापड मालेगाव-भिवंडीचे. गाठोडे ट्रान्सपोर्टने येते, त्याला पाणी लागू नये एवढीच काळजी! परंतु ज्यांची दुकाने तालुक्याच्या बाजारपेठेत आहेत, त्यांना हा प्रश्न विचारावा. आमचे दुकान जालना जिल्ह्यात, आठवडी बाजाराच्या रस्त्यावर, वडिलांच्या काळापासून आहे. दहा गिऱ्हाइकांपैकी आठ शेतकरी किंवा शेतमजूर. त्यांच्या शिवारात ऑगस्टमध्ये जे घडते ते आमच्या गल्ल्यात दिवाळीला दिसते, आणि उधारीच्या वहीत तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसत राहते.

एवढी वर्षे धंदा करूनही २०२३ साली आम्ही फसलो. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, महाराष्ट्रात जून संपता संपता. पेरण्या जुलैत झाल्या. जुलैत पाऊस चांगला बरसला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन हिरवेगार उभे राहिले, आणि ती हिरवळ पाहून आम्ही सुरतेच्या दलालाला दिवाळीची पूर्ण ऑर्डर देऊन टाकली. मग ऑगस्ट कोरडा गेला. सगळा महिना. हवामान खात्याच्या नोंदीत १९०१ पासून देशभरात इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. सप्टेंबरात पाऊस परतला, आणि हंगामाच्या शेवटी देशाचा आकडा लागला सरासरीच्या ९४ टक्के. वर्तमानपत्रात ९४ टक्के वाचले की वाटते, सहाच टक्क्यांची तूट, एवढ्याने काय होते? पण ऑक्टोबरअखेर राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. त्यांत आमच्या जालना जिल्ह्यातील पाच होते. दिवाळीला आमचे निम्मे गठ्ठे उघडलेसुद्धा गेले नाहीत आणि सुरतेची हुंडी मात्र तारखेला उभी राहिली.

सरासरीचा आकडा आम्हा व्यापाऱ्यांना कसा चकवतो ते आपल्या भाषेत सांगायचे तर असे. शिंप्याला तुम्ही सदऱ्याचे कापड आज, अस्तर पुढच्या महिन्यात आणि बटणे ईद उलटून गेल्यावर दिलीत, तर हिशेबात माल पूर्ण दिलेला असतो. सदरा मात्र ईदला अंगावर नसतो. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांचे पीक. पेरल्यापासून साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलावर येते, नंतर शेंगा धरते व भरते. या दिवसांत जमिनीत ओल नसेल तर फूल गळते, दाणा चिपटतो, आणि मागाहून कितीही पाऊस आला तरी गळालेले फूल परत लागत नाही. आमच्याकडे आश्लेषा आणि मघा ही नक्षत्रे त्या दिवसांची. जुने शेतकरी मृगापेक्षा मघेची चिंता अधिक का करतात, हे आम्हास तेव्हा नीट उमगले. मृग चुकला तर दुबार पेरणी होते, बियाणे-खताचा दुहेरी खर्च बसतो, पण हंगाम हाती राहतो. मघा चुकली तर दुबार करायला काही उरत नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेव्हा ‘खरीफ’ म्हणजे पानगळीचा मोसम आणि ‘रबी’ म्हणजे बहार, हे अर्थ लहानपणीच पाठ झाले होते. फसल, हंगाम, रयत, तगाई हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आणि तलाठ्याच्या दप्तरात एकच. शब्द एक असूनही शेतकऱ्याचा हंगाम आपल्याला कळतो असे मात्र नाही. आम्ही ‘सुगी आली’ म्हणतो आणि वसुलीला निघतो. वास्तविक सुगी एक नसते. मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत येतात व पोळा-गणपतीला चार पैसे देतात. सोयाबीन दसरा-दिवाळीला. कापूस दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणी-वेचणीने. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, आणि लग्नाचा बस्ता बांधला जातो तो बहुतेक तुरीच्या व हरभऱ्याच्या पैशावर. ज्याच्या शेतात ही सारी पिके थोडीथोडी आहेत, त्याला पावसाचा एक खंड एका पिकात बुडवतो, दुसऱ्यात तारतो. ज्याने बांधापासून बांधापर्यंत एकटे सोयाबीन पेरले, त्याचे वर्ष तीन आठवड्यांवर टांगलेले असते. गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या भागात ज्वारी व मूग मागे पडून सोयाबीन पसरले. नगद पैसा आला हे खरे, पण जनावरांचा कडबा गेला आणि जोखीम एका टोपलीत आली.

त्या दसऱ्याच्या आधी आम्ही वसुलीला गावोगाव फिरलो. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे उन्हाळ्यातील बस्त्याचे अडतीस हजार येणे होते. मनात थोडी सक्ती धरूनच गेलो होतो. पाटलांनी आम्हाला आधी खळ्यावर नेले. दोन ढिगाऱ्यांवर दोन वेगळ्या ताडपत्र्या होत्या. “भाई, हे दोन एकराचं, तेरा क्विंटल. आणि हे तीन एकराचं, सात.” जमीन एकच, बियाणे एकच, पेरा एकाच दिवशीचा. फरक एवढाच की शेततळ्याजवळच्या दोन एकरांना त्यांनी ऑगस्टच्या खंडात तुषार संचाने एक पाणी दिले होते. पाइप दोनच एकरांपुरता होता, आणि शेजाऱ्याकडून मागितलेला संच वेळेवर मिळाला नाही. “सप्टेंबरात पाऊस आला की,” आम्ही म्हणालो. ते हसले. “शेंग चिपटल्यावर आला. चिखल करायला.”

एका पाण्याला किती पाणी लागते, याचा हिशेब आम्ही तिथेच बसून केला; मापाची सवय आमच्या हाताला आहे. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर दोन इंच, म्हणजे पाच सेंटीमीटर पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागतात. दहा हजार लिटरचे वीस टँकर! टँकरने माणूस जगतो, पीक जगत नाही. आता तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल, उताराच्या बाजूंचे शेततळे घ्या. त्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटर मावते. कागदावर ते दहा-अकरा एकरांचे एक पाणी झाले. उन्हाने उडते, अस्तर नसेल तर जमिनीत मुरते, म्हणून निम्मे धरा. तरी पाच एकर वाचतात. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली तेव्हा अनुदान पन्नास हजारांपर्यंत होते, २०२२ पासून ते पंचाहत्तर हजारांपर्यंत गेले.

परंतु शेततळ्याचेही दोन प्रकार आम्ही पाहतो. एक, जे जुलैच्या वाहत्या पाण्याने भरते. दुसरे, जे बोअरच्या व विहिरीच्या पाण्याने प्लास्टिकवर भरून ठेवले जाते, द्राक्षासाठी किंवा मोसंबीसाठी. दुसऱ्यात एकाचे तळे भरते आणि शेजारच्या चार विहिरी खाली जातात. जालन्याजवळच्या कडवंचीत शेततळी आणि द्राक्षबागा दोन्ही आहेत, हे पाहायला लोक दुरून येतात. पण तिथे १९९० च्या दशकात आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम झाले, पाणी जमिनीत मुरले, मग तळी आली. हा क्रम विसरून नुसते तळे खोदले की पाणी वाढत नाही, त्याची मालकी तेवढी बदलते.

ज्याला तळे नाही, तो काय करतो? आमच्या बाजारातील लोहार बांधवांना हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. खंड पडला की कोळप्याच्या पासा शेवटायला गर्दी होते. वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि ओल टिकते. त्याच कोळप्याला दोरी गुंडाळून चार-सहा ओळींनंतर एक मोकळी सरी पाडतात, तिला मृत सरी म्हणतात; पडेल ते पाणी तीत थांबते. परभणीचे कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरीवर पेरा करण्याचा आग्रह धरते, कारण ती सरी पाऊस कमी झाला तर पाणी धरते आणि जास्त झाला तर बाहेर काढते. पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका, सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्या, खंडात पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी करा, हे सल्लेही जुनेच आहेत. तुरीचे मूळ खोल जाते, म्हणून सोयाबीन माना टाकते तेव्हाही तूर उभी असते.

पाटलांची तूर उभी होती. आम्ही मनात आकडा मांडला. वीस क्विंटल, हमीभाव ४,६००, बाजार त्याच्या आसपास. कापणी, मळणी, दुकानाचे खत, हरभऱ्याचे बियाणे वजा केले आणि वर आमचे अडतीस हजार काढले, तर रबीची पेरणीच होत नव्हती. आठ हजार घेतले व बाकी तुरीवर ठेवले. २०२४ च्या सुरुवातीस तुरीचा भाव सात हजारांच्या हमीभावाच्या बराच वर गेला, दुष्काळामुळेच. फेब्रुवारीत पाटील स्वतः येऊन तीस हजार देऊन गेले, आणि नातवाला दोन ड्रेस रोखीने घेऊन गेले.

दुसरी हकिकत सांगावी की न सांगावी, असे वाटत होते. त्याच फेरीत आणखी एका गिऱ्हाइकाकडे एकवीस हजार होते. सुरतेची हुंडी डोक्यावर होती, मन घाईत होते. त्याच्याकडे तूर नव्हती, नुसते सोयाबीन, तेही पातळ. “शेठ, हरभरा निघू द्या,” तो म्हणाला. आम्ही थांबलो नाही. तीन चकरा मारल्या, चौथ्या वेळी भाच्याला बसवून ठेवले. दिवाळीआधी सगळे पैसे आले. ओले सोयाबीन विकले, भाव तुटला, ते पुरले नाही म्हणून एक बैल विकला, हे आम्हाला नंतर कळले. दुष्काळात सगळेच बैल बाजारात काढतात, आणि २०१५ च्या कायद्यानंतर घेणारे हातही कमी झालेले. आमच्या वहीत त्याचे पान निल झाले. त्या घराची तीन लग्ने आमच्या वडिलांनी व आम्ही केली होती. त्यानंतर त्याने आमच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. बाजारच्या दिवशी समोरून जातो, सलाम-नमस्कार करतो आणि पुढच्या दुकानात जातो. वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात, लोक खडी फोडायला जात व सुकडी खात त्या काळात, लुगडी उधार दिली होती. त्यातील किती पैसे बुडाले ते त्यांनी कधी सांगितले नाही, पण ती घरे पन्नास वर्षे आमच्याकडे येत राहिली, हे आम्ही मोजू शकतो.

विम्याचा आधार मानून उधार देणाऱ्यांनीही नवे नियम समजून घ्यावेत. २०२३ मध्ये एक रुपयात विमा होता, आणि एकवीस दिवसांहून अधिक खंड पडलेल्या मंडळांत नुकसानीच्या २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद होती. अनेकांना ती दिवाळीच्या सुमारास मिळाली. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाची योजना बंद झाली, शेतकऱ्याला हप्ता भरावा लागतो, आणि भरपाई पीककापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. म्हणजे पैसा आला तरी हंगाम संपल्यावर, दिवाळीला नाही.

त्यानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. दिवाळीची ऑर्डर आता दोन हप्त्यांत देतो: एक जुलैत, दुसरी मघा सरल्यावर. सुरतेचा दलाल कुरकुरतो, दर थोडा चढा लावतो. न उघडलेल्या गठ्ठ्यांपेक्षा तो दर परवडतो. उधारीच्या वहीत नावासमोर गाव लिहीत होतो, आता पीकही लिहितो व वायदा त्या पिकावर धरतो. मालेगाव-भिवंडीचे कारखानदार, आमच्या गल्लीतील शिंपी, बांगड्यांचे मनियार, गाद्या भरणारे पिंजारी बांधव, सगळ्यांचे काम याच शिवारातून येते. त्यांनीही माल भरताना एवढी चौकशी करावी.

२०२५ च्या सप्टेंबरात उलटे झाले. मराठवाड्यात इतका पाऊस कोसळला की काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले आणि खंडात तग धरणारी तूर साचलेल्या पाण्याने उभी वाळली. पाटलांनी त्या वर्षी वरंब्यावर पेरले होते. वरचा तुकडा वाचला, नाल्याकाठचा गेला. आमच्या वहीत त्यांच्या नावासमोर ‘तूर’ लिहिलेले होते. ते खोडून आम्ही ‘हरभरा’ लिहिले.