वाटेल त्या वयाचं मूल

माकणीहून लातूरला निघालेल्या गाडीत दहा किलोचं बाळ आईच्या मांडीवर आहे, असं समजा. वेग ताशी ५० किलोमीटर. गाडी आदळली आणि एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळाला धरून ठेवायला किती जोर लागेल? सरासरी १४० किलो उचलण्याइतका! म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल सोयाबीन, तेही पापणी लवायच्या आत. कुठल्या आईच्या हातांना हे पेलेल?

मग बाळ वाचवायचं कसं, हे शोधणार कसं? खरं मूल बसवून तर गाडी आपटता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थांत त्यासाठी डमी, म्हणजे माणसासारखे पुतळे, असतात. २०२३ पासूनच्या भारत एनकॅप चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे डमी बसवून ताशी ६४ किलोमीटरने धडक देतात. पण डमीला यकृत नसतं. आणि तीन वर्षांचा डमी कधीच साडेतीनचा होत नाही.

संगणकातलं मूल मात्र साडेतीनचं होतं! युरोपात २०१३ ते २०१७ या काळात ‘पायपर’ प्रकल्पात ते घडवलं गेलं. आयआयटी दिल्लीही त्यात होती. हाडं, कूर्चा, मेंदू, पोट, सगळ्याचे लाखो बारीक तुकडे. कोणता किती ताणला जाईल, किती दबेल, हे संगणकाला ठाऊक. धडकेत कोण कुणाला ढकलतं याचा हिशोब तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान टप्प्यांनी मांडतो. आणि वय? दीड ते सहा वर्षांमधलं कोणतंही सांगा, मूल त्या वयाचं होतं.

यात नुसती उंची वाढवून भागत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीचा पाव हिस्सा असतं, मोठ्या माणसात जेमतेम आठवा. तान्ह्या बाळाच्या मानेचा एकेक मणकाही अजून कूर्चेने जोडलेल्या तुकड्यांचा असतो. एवढं जड डोकं एवढ्या कोवळ्या मानेवर पुढे झेपावलं तर? म्हणून लहानग्यांची सीट मागे तोंड करून बसवतात. धडकेचा भार डोकं, मान आणि पाठ मिळून घेतात.

कमरेचं तर त्याहून नवल. आपला पट्टा ओटीपोटाच्या हाडाच्या पुढच्या टोकाखाली अडकून राहतो. लहान मुलात ते टोक नीट तयारच झालेलं नसतं, म्हणून पट्टा सरकून मऊ पोटात रुततो. खऱ्या धडकेत हे कोण बघणार? संगणकात क्षण थांबवा, कातडी बाजूला करा, पट्टा निसटताना दिसतो. मग मुलाला उंच बसवणारी बूस्टर सीट थोडी आणखी उंच करा आणि त्याच मुलाला पुन्हा तीच धडक द्या. पट्टा हाडावरच राहिला? छान. आता मूल सहा महिन्यांनी मोठं करा, आणि पुन्हा.