बोटीच्या पोटातला फ्रिज

बालमित्रांनो, एक कोडं घालते. बर्फाच्या खड्याला गोधडी गुंडाळली, तर बर्फ लवकर वितळेल की उशिरा? "गोधडीत ऊब असते, म्हणजे लवकर!" असं पटकन सांगू नका हं. उत्तर शोधायला आपण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाऊ या.

मासेमारीला निघण्याआधी इथल्या बोटींवर डिझेल, गोडं पाणी, शिधा आणि बर्फ चढवला जातो. मोठ्या बोटी कित्येक दिवस समुद्रावर राहतात. तेवढे दिवस मासा ताजा ठेवायचा, तर फ्रिज हवाच ना? तो असतो बोटीच्या पोटात! तिथल्या कप्प्याच्या भिंतींत थर्माकोलसारखा, उष्णता सहज आत न येऊ देणारा थर असतो. आत बर्फ आणि वर घट्ट झाकण. बस्स!

आता गंमत ऐका. एखादी वस्तू थंड करायची, म्हणजे तिच्यातली उष्णता काढून घ्यायची. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ८० किलो पाणी १ अंशाने थंड करायला एवढी पुरते! बर्फाची अख्खी लादी माशाला थोड्याच जागी टेकते, चुरा मात्र सगळीकडून बिलगतो. म्हणून खलाशी चुऱ्याचा थर, त्यावर मासे, पुन्हा चुरा, असं रचतात. आपल्याकडच्या गरम हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ, असा साधारण हिशेब. झाकण उगीच उघडायचं नाही आणि वितळलेलं घाण पाणी साचू द्यायचं नाही.

यात हयगय झाली तर? बांगड्यासारखा मासा उबेत राहिला, की त्यातले जंतू हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार करतात. मासा शिजवला तरी तो जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. शिवाय तांडेल आणि खलाशांची सगळी मेहनत पाण्यात!

बोटीसारखाच प्रवास करणारा आणखी एक फ्रिज आहे. परदेशात पुष्कळ लोक घरासारख्या मोटारीतून सहलीला जातात. त्यातल्या कित्येक गाड्यांतला फ्रिज चक्क गॅसच्या ज्योतीवर चालतो! असा फ्रिज स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधून काढला. ज्योतीने तापलं, की पाण्यात विरघळलेला अमोनिया वायू बाहेर पडतो. मागच्या नळ्यांत निवून त्याचा द्रव होतो. हा द्रव पुन्हा वायू होताना फ्रिजमधली उष्णता उचलतो. नळ्यांतला द्रव आपल्या वजनानेच खाली वाहतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करावी लागते. उतारावर ठेवली, तर फ्रिज रुसलाच म्हणून समजा!

तुमच्या घरचा फ्रिजही आतली उष्णता बाहेर टाकतो. त्यासाठी त्याच्या मागे हवा खेळायला जागा ठेवा. गरम आमटी निवल्यावरच आत ठेवा. दाराचं रबर पुसत जा. दारात कागदाचा कपटा धरून दार लावा. तो सहज ओढला गेला, तर रबर सैल झालं, असं आईबाबांना सांगा. पावसाळ्यात वीज गेली, की दार बंदच ठेवा. आतलं अन्न साधारण चार तास थंड राहतं.

आणि कोड्याचं उत्तर? दोन वाट्यांत बर्फाचे सारखे खडे ठेवा. एका वाटीला गोधडी गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा. गोधडी स्वतः ऊब देत नाही, फक्त उष्णतेची वाट अडवते. आता सांगा पाहू, कोणता खडा आधी वितळेल? अर्ध्या तासाने उघडून बघा!