आयत्या वेळच्या भाषणावरील अभिप्राय

महिनाभर तयारी करून व्यासपीठावर आलेल्या वक्त्याला जे माप लावावयाचे, तेच चिठ्ठी उचलून लगेच बोलावयास उभ्या राहिलेल्या वक्त्याला लावणे हा उघड अन्याय आहे, आणि आपल्या महाविद्यालयीन स्पर्धांतून तो सर्रास घडतो. ग्रंथांचे दाखले आणि आकडेवारी पहिल्याकडून मागावीत. दुसऱ्याच्या बाबतीत पाहावयाचे ते हे, की विषयातले कोणते सूत्र त्याच्या हाती लागले, ते त्याने अखेरपर्यंत धरून ठेवले काय, आणि सुचेनासे झाले तेव्हा त्याने कशाचा आधार घेतला.

एका स्पर्धेत मी परीक्षक असताना एका विद्यार्थिनीला ‘पहिला पाऊस’ ही चिठ्ठी आली. मृद्गंध, चातक, बळीराजा अशी तीन पाठ्यपुस्तकी वाक्ये झाली आणि ती अडली. सभागृह अवघडून गेले. मग आवाज खाली आणून ती गळक्या कौलांखाली पातेली मांडीत फिरणाऱ्या आपल्या आजीविषयी बोलू लागली, तशी मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. सहपरीक्षकांनी मात्र ‘आत्मविश्वास वाढवावा’ असा शेरा मारून प्रकरण निकालात काढले. असला शेरा कोणालाही लागू पडतो, म्हणूनच तो कोणाच्या उपयोगी पडत नाही.

राल्फ स्मेडली यांनी 1924 साली कॅलिफोर्नियातील सांता अना येथे सुरू केलेल्या आणि आज पुण्या-मुंबईतही भरणाऱ्या ‘टोस्टमास्टर्स’ या वक्तृत्व-मंडळांच्या सभांत आयत्या भाषणाची आणि त्यावरील अभिप्रायाची शिस्तशीर व्यवस्था आहे. ‘टेबल टॉपिक्स’ या सदरात आयत्या विषयावर एक ते दोन मिनिटे बोलावयाचे. मिनिट भरताच हिरवा, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना तांबडा संकेत होतो. एक सभासद वक्त्यांचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजीत असतो. मला त्यात विशेष मोलाचे वाटते ते हे, की अभिप्राय देणाऱ्यालाही मुदत घालून दिलेली असते, त्यामुळे त्याला दोषांची जंत्री वाचता येत नाही, निवड करावीच लागते.

त्या मुलीला मी निकालानंतर पायऱ्यांवर गाठले. “अडलीस ते बरेच झाले, त्या थांबण्यातच तुला आजी सापडली. पुढच्या वेळी पहिलेच वाक्य पातेल्याचे येऊ दे, आणि ‘म्हणजे काय की’ असे ओठांवर आले, की नुसता श्वास घे,” असे मी म्हणालो. तिने मुठीतली चिठ्ठी उलगडली आणि पाठीमागे एकच शब्द लिहून घेतला : पातेले.