बोललेल्या शब्दाचा हिशेब

मनुष्य दिवसभरांत जे शब्द उच्चारतो, त्यांपैकीं फारच थोडे त्याच्या स्मरणांत राहतात. पैशाचा हिशेब वहींत उतरतो. शब्दाचा हिशेब कोणीहि ठेवीत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. ख्रिस्ती धर्माची शिकवण याच्या उलट आहे. व्यर्थ बोललेल्या प्रत्येक शब्दाबद्दल मनुष्याला एक दिवस जाब द्यावा लागेल, असा इशारा येशू ख्रिस्तानें दिल्याचें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायांत नमूद आहे. मूळ ग्रीक भाषेंत तेथें 'आर्गोस' हा शब्द योजिला असून त्याचा धात्वर्थ 'काम न करणारा' असा आहे. ज्याच्या मागें कृति उभी राहत नाहीं, तो शब्द व्यर्थ होय.

याचें प्रत्यंतर पाहण्यास खानदेशांत दूर जावयास नको. धुळें, जळगांव, अमळनेर या पेठा कापसावर वाढल्या. पूर्वीं कापसाच्या बाजारांत अडत्या व व्यापारी रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारींच उभा असे. पण बोली त्याच्या कानीं पडत नसे. त्याच्या वांट्यास येई ती शपथ, कधीं देवाची, कधीं लेंकराबाळांची. १९२७ सालीं मुंबई इलाख्यांत कापूसबाजाराचा कायदा झाला व अशा व्यवहारांवर देखरेख ठेवण्याची सोय झाली. परंतु कायद्याची देखरेख तराजूवर चालते, जिभेवर चालत नाहीं.

डोंगरावरील प्रवचनांत ख्रिस्तानें शपथच वर्ज्य ठरविली, तिचें मर्म येथें आहे. शपथेवर सांगितलेलें तेवढें खरें मानावयाचें, असें एकदां ठरलें कीं शपथेवांचून सांगितलेल्या गोष्टींत खोट्याला मोकळीक मिळते. यास्तव साधा होकार व साधा नकार हेच शपथेइतके बंधनकारक असावे, असा त्याचा आग्रह आहे.

त्याच प्रवचनांत तुच्छतेच्या शब्दाची गणना मनुष्यवधाच्या विवेचनांत केली आहे. तेथील 'राका' हा अरामी शब्द रिकाम्या डोक्याच्या माणसाला लावीत. असले अपशब्द निदान ओळखूं तरी येतात. कित्येकदां मात्र माणसाचें नांवच अपशब्द होऊन बसतें. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालीं झाला. पुढें तो मुंबई इलाख्यांतहि लागू झाला आणि पारध्यांसारख्या जमातींत जन्मलेल्या मुलावर जन्मतःच शिक्का बसला. १९५२ सालीं कायदा रद्द झाला. तरी चोरी होतांच पुरावा मिळण्यापूर्वीं जमातीचें नांव कित्येकांच्या ओठांवर येतें. विधवेची गतिहि अशीच झाली. तिच्या अवस्थेचा वाचक शब्दच शिवी म्हणून रूढ झाला. १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढून पंडिता रमाबाईंनीं अशा स्त्रियांना आसरा व विद्या दिली. त्याबरोबरच त्यांना माणुसकीची हांक ऐकूं आली.

याकोबाच्या पत्रांत जिभेला जहाजाच्या सुकाणूची उपमा दिली आहे. देवाचें स्तवन करणाऱ्या मुखानेंच देवाच्या प्रतिरूपाला, म्हणजे मनुष्याला, शाप द्यावा हें त्या पत्रकर्त्यास विसंगत वाटतें. शब्दाला भार कोठून येतो, याचें उत्तर या विचारांत आहे. शब्द कितीहि किरकोळ असो, ज्याच्यावर तो पडतो तो मनुष्य किरकोळ नसतो. बाजारांतल्या होकारापासून दारीं आलेल्या पारध्याला मारलेल्या हांकेपर्यंत प्रत्येक शब्द याच मापानें तोलावयाचा आहे.