रूळ गेले, वाट उरली

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? विषय आहे सायकलच्या वाटेचा. ती वाटही आपल्याकडची नाही, पार न्यूझीलंड देशातली. पण या वाटेमुळे ओस पडत चाललेल्या गावांत पुन्हा माणसं मुक्कामाला येऊ लागली आणि घराघरांत चार पैसे येऊ लागले. ते कसं झालं, हे आपल्या गटांनी समजून घ्यावं असं आम्हाला वाटलं.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा प्रांत आहे. त्याचा आतला भाग डोंगरांनी वेढलेला आणि कमी पावसाचा. उन्हाळा कडक, हिवाळ्यात बर्फ. १८६१ साली ओटागोत सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. पुढच्याच वर्षी आजच्या क्लाइड गावाजवळ सोनं मिळालं. थोड्या वर्षांनी चीनमधूनही खाणकामगार आले. दगडी घरं उठली, दुकानं निघाली, पोस्ट आलं. हळूहळू सोनं कमी झालं, तशी राहिलेली माणसं मेंढ्या पाळू लागली, कुणी फळबागा लावल्या.

आतला माल बंदरापर्यंत न्यायला रेल्वे हवी होती. १८७९ मध्ये काम सुरू झालं. १८९१ मध्ये गाडी मिडलमार्च गावी पोचली आणि क्लाइडला पोचायला १९०७ साल उजाडलं. पुढे ट्रक आले, रस्ते सुधारले, रेल्वेचा माल कमी झाला. १९९० च्या एप्रिलअखेर मिडलमार्च ते क्लाइड ही गाडी बंद झाली. त्याआधीच, १९८४ पासून, तिथल्या सरकारनं शेतकऱ्यांची अनुदानं काढून घ्यायला सुरुवात केली होती. एकामागून एक असे दोन तडाखे बसले. रेल्वेवर काम करणारे गेले, की त्यांची पोरंही शाळेतून जातात. मग शाळेचा पट कमी होतो, दुकानाचं गिऱ्हाईक कमी होतं. गाव कसं रिकामं होतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

रूळ उचलून नेले. मागे उरला जमिनीचा एक लांबलचक पट्टा, १५२ किलोमीटरचा. आता विचार करा. हा पट्टा तुकड्या तुकड्यानं शेजारच्या शेतात गेला असता, तर पुन्हा कधी जुळला असता का? आपल्याकडची पाणंद आठवा. दोन्हीकडून एकेक हात बांध सरकत येतो आणि एक दिवस बैलगाडी जायला जागा उरत नाही. तिथं तसं झालं नाही. १९९३ मध्ये सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्यानं तो पट्टा ताब्यात घेतला. १९९४ मध्ये स्थानिक लोकांचा एक ट्रस्ट उभा राहिला. ट्रस्टनं पैसा जमवायचा आणि खात्याच्या जोडीनं चालण्या-सायकलीची वाट करायची, असं ठरलं.

सगळे लगेच खूश झाले असं समजू नका. आजूबाजूच्या काही शेतकऱ्यांचा विरोध होता. परकी माणसं शेताजवळून जाणार, मेंढ्या बिथरणार, फाटक उघडं टाकणार, ही भीती खोटी नव्हती. म्हणून वाटेचे नियम आले. उघडलेलं फाटक मागे लावायचं, जनावरांना त्रास द्यायचा नाही, मोटारगाडी घालायची नाही. २००० साली ही सगळी वाट खुली झाली. तिचं नाव ओटागो सेंट्रल रेल ट्रेल. वापरायला तिकीट नाही.

आता वाट कशी केली ते पाहू. रुळांखालची मोठी खडी सायकलला चालत नाही, चाक तिच्यात रुततं. म्हणून वरचा थर बारीक खडीचा केला. डांबर नाही, सिमेंट नाही. अशा वाटेवर बारीक टायरची शर्यतीची सायकल घसरते. जरा रुंद, खाचांचा टायर हवा. साठाहून जास्त पूल आहेत. त्यांच्यावर लाकडी फळ्या ठोकल्या आणि बाजूला कठडे लावले. बोगद्यांत दिवे नाहीत, म्हणून बॅटरी जवळ ठेवावी लागते.

रेल्वेची वाट सायकलला इतकी सोयीची का? कारण इंजिनाला उभा चढ चालत नाही. म्हणून रूळ टाकतानाच टेकडी कापतात, ओढ्यावर पूल घालतात, डोंगर आडवा आला तर बोगदा काढतात. या वाटेवरचा मोठ्यात मोठा चढ पन्नासाला एक आहे. पन्नास फूट पुढं गेलं की एक फूट वर. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून ६१८ मीटरवर आहे, पण तिथवर माणूस सावकाश, दम न लागता पोचतो. म्हणून या वाटेवर आजी-आजोबाही दिसतात आणि लहान मुलंही. काही ठिकाणी गाड्यांचा रस्ता आडवा येतो, तेवढा सांभाळून ओलांडायचा. बाकी वाटेवर मागून हॉर्न वाजत नाही.

वाटेत जुनी गावं लागतात. क्लाइडला सोन्याच्या काळातल्या दगडी इमारती आहेत. ओफिर गाव वाटेपासून थोडं बाजूला आहे, तिथं १८८६ सालचं दगडी पोस्ट ऑफिस आहे. रॅनफर्ली गावात १९३० च्या सुमारास आगी लागल्या होत्या, त्यानंतर बांधलेल्या त्या काळच्या नव्या धर्तीच्या इमारती लोक मुद्दाम बघायला थांबतात.

ओटुरेहुआ हे गाव मात्र आपल्यासाठी खास आहे. तिथं अर्नेस्ट हेज नावाचे एक शेतकरी होते. १८९५ पासून त्यांनी शेतीची अवजारं करायचा कारखाना चालवला. कुंपणाची तार ताणून बसवायचं त्यांचं यंत्र पुढे देशोदेशी गेलं. पण अवजार केलं म्हणून खपतं असं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. पापड लाटणं सोपं, विकणं अवघड. ते विकण्याचं काम केलं त्यांच्या पत्नीनं, हॅनाबाईंनी. नमुने सायकलला बांधून, खडबडीत वाटांनी त्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जात आणि मागणी घेऊन येत. तो कारखाना आणि ते घर आता वारसा म्हणून जपलं आहे, आणि सायकलवरून येणारी माणसं ते बघायला थांबतात.

आता मुख्य मुद्दा. या वाटेनं गावांना पैसा कसा दिला? मोटारीनं हे अंतर दोन-अडीच तासांत संपतं. गाडीतला माणूस गावाची पाटी वाचतो आणि पुढं जातो. सायकलवाल्याला मात्र तीन ते पाच दिवस लागतात. चार दिवस धरून हिशेब करू. दोघी मैत्रिणी निघाल्या. मध्ये तीन रात्री. म्हणजे सहा जणींच्या मुक्कामाइतकं काम, रात्रीची सहा ताटं, सहा न्याहाऱ्या, दुपारचे आठ डबे. शिवाय चहा, फळं, पंक्चर, धुणं. हा माणूस दमलेला असतो, भुकेला असतो आणि पुढच्या गावापर्यंत अंधारात जाऊ शकत नाही. म्हणून तो थांबतो.

थांबल्यावर द्यायला मात्र गावाकडं काहीतरी हवं. तिथल्या शेतकरी घरांनी मागची खोली झाडून-पुसून पाहुण्यांसाठी दिली. कुठं बंद पडलेल्या शाळेची इमारत मुक्कामाची जागा झाली. कुणी सायकली भाड्यानं ठेवल्या. कुणी गाडी घेऊन पाहुण्यांच्या बॅगा एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवू लागलं, म्हणजे माणूस हलका होऊन सायकल चालवतो. ट्रस्टनं पासपोर्टसारखी छोटी वही काढली. जुन्या स्टेशनांच्या जागी थांबून तिच्यावर शिक्का मारायचा. शिक्क्यासाठी का होईना, माणूस थांबतो.

आपल्याला हे नवं नाही. पालखीचा मुक्काम कसा असतो ते आपण जाणतो. एका गावानं वारी होत नाही. मुक्कामाची गावं एकमेकांना धरून असतात, एकात दुपारचा विसावा, पुढच्यात रात्र. फरक एवढाच, की वारीत आपण सेवा करतो, तिथं लोक धंदा करतात. ओळ मात्र तीच. मधलं एक गाव बंद पडलं, की पुढचं गाव लांब पडतं.

अडचणीही सांगायला हव्यात. तिथला हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. हिवाळ्यात पाहुणे फार थोडे, त्यामुळे हातात दुसरं काम ठेवावं लागतं. पावसानं खडी वाहून जाते, फळ्या कुजतात, दरवर्षी खर्च येतो. वाट एकदा करून सोडून दिली तर पाच वर्षांत काटेरी झुडपं तिचा ताबा घेतील. तरीही २००९ मध्ये न्यूझीलंड सरकारनं देशभर सायकलवाटा करायला घेतल्या, तेव्हा चालत असलेला नमुना म्हणून ही वाट समोर होती.

मैत्रिणींनो, उद्या आपल्या गावात सायकलवाट होईल असं आम्ही म्हणत नाही. पण पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. आपल्या गावात सगळ्यांची म्हणून असलेली कोणती वाट, कोणती जागा हळूहळू आकसत चालली आहे? आणि आपल्या गावावरून जाणारा माणूस तासभर थांबला, तर आपला गट त्याला काय देऊ शकेल? दोन्ही उत्तरं वहीत लिहा, तारखेसह. पुढच्या कार्यक्रमाआधी आम्हाला कळवा, आपण ती सगळ्यांना ऐकवू.