विश्लेषण : मॅकडोनल्ड्सला मागे टाकणारी ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ ही रेस्टॉरंट साखळी संपली कशी?

अमेरिकेत १९६५ साली मॅकडोनल्ड्स, बर्गर किंग आणि केंटकी फ्राइड चिकन या तिघांच्या विक्रीची बेरीज केली, तरी ती हॉवर्ड जॉन्सन्स या एकाच साखळीच्या विक्रीपेक्षा कमी भरत होती. महामार्गालगत नारिंगी छपराची इमारत, आत २८ स्वादांचे आइस्क्रीम, मुलांसाठी वेगळा मेन्यू आणि देशात कुठेही गेले तरी तीच चव, ही या साखळीची ओळख. १९७९ मध्ये विक्रीचा करार झाला तेव्हा हजाराहून जास्त रेस्टॉरंट सुरू होती आणि कंपनी तोट्यातही नव्हती. तरीही पुढच्या दहा वर्षांत ही साखळी जवळपास दिसेनाशी झाली. कोणताही मोठा घोटाळा नाही, अन्नातून विषबाधेचे प्रकरण नाही. मग झाले काय?

सुरुवात कशी झाली?

हॉवर्ड डीअरिंग जॉन्सन यांचा जन्म १८९७ चा, बोस्टनचा. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये सैनिक होते. परत आल्यावर वडिलांचा सिगारचा धंदा हाती आला, पण त्यासोबत कर्जही आले. १९२५ मध्ये त्यांनी उसने पैसे घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी शहराच्या वोलॅस्टन भागात एक छोटे दुकान घेतले. औषधे, वर्तमानपत्रे आणि सोडा असा तिथला माल. सोड्याच्या काउंटरवरच जास्त गिऱ्हाईक आहे हे त्यांच्या लवकर लक्षात आले आणि त्यांनी आइस्क्रीमकडे लक्ष वळवले.

त्या काळच्या स्वस्त आइस्क्रीमच्या तुलनेत जॉन्सन यांनी स्निग्धांशाचे प्रमाण जवळपास दुप्पट केले आणि कृत्रिम स्वाद टाळले. उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावर टपऱ्या लावल्या, तिथे रांगा लागू लागल्या. ‘२८ स्वाद’ ही घोषणा तिथूनच पुढे आली.

पहिले खरे रेस्टॉरंट १९२९ मध्ये क्विन्सीत उघडले आणि त्याला मदत झाली ती एका बंदीची. बोस्टनच्या महापौरांनी नाटककार युजीन ओनील यांच्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ या नाटकाला शहरात परवानगी नाकारली. नाटकाचे प्रयोग शेजारच्या क्विन्सीत हलवले गेले. नाटक काही तासांचे, मध्ये जेवणाची सुट्टी आणि जवळच जॉन्सन यांचे रेस्टॉरंट. बोस्टनचे सुखवस्तू प्रेक्षक रोज तिथे जेवू लागले आणि नाव शहराबाहेर पोहोचले.

पैसा नसताना विस्तार कसा केला?

त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. बँका कर्ज देत नव्हत्या. १९३५ मध्ये जॉन्सन यांनी केप कॉडमधील ऑर्लिन्स या गावी एका ओळखीच्या व्यक्तीला प्रस्ताव दिला : पैसे तुमचे, नाव माझे. इमारत मी सांगेन तशी बांधायची, पदार्थ माझ्याच कंपनीकडून घ्यायचे, दर्जा मी ठरवेन तसाच ठेवायचा. आज कोणत्याही चहाच्या ब्रँडची फ्रँचायजी घेताना जो करार समोर येतो, त्याचे हे सुरुवातीचे रूप. अमेरिकेत रेस्टॉरंट फ्रँचायजीची पद्धत रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांत जॉन्सन यांची गणना होते. १९३९ पर्यंत शंभराहून जास्त रेस्टॉरंट उभी राहिली होती.

यातले ‘पदार्थ माझ्याकडूनच घ्यायचे’ हे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. कंपनीने मोठी मध्यवर्ती स्वयंपाकघरे उभारली. तिथे पदार्थ तयार किंवा अर्धे तयार होत, गोठवले जात आणि ट्रकने रेस्टॉरंटपर्यंत जात. रेस्टॉरंटच्या आचाऱ्याचे काम गरम करणे, तळणे आणि वाढणे एवढेच. तळलेल्या शिंपल्यांचे काप हा तिथला प्रसिद्ध पदार्थ. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या लोकांनी तो पहिल्यांदा खाल्ला तो याच पद्धतीमुळे.

आज ‘सगळीकडे तेच’ ही तक्रार वाटते. तेव्हा ती सोय होती. रस्त्याकडेच्या अनोळखी खानावळीत काय मिळेल, शिळे असेल का, स्वच्छतागृह कसे असेल, याची खात्री नसे. मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला नारिंगी छप्पर दिसले की हा प्रश्न मिटत असे.

टोल रस्त्यांचा फायदा काय झाला?

१९४० मध्ये पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक हा लांब पल्ल्याचा टोल महामार्ग खुला झाला आणि त्यावरील खाद्यसेवा हॉवर्ड जॉन्सन्सला मिळाली. पुढे ओहायो, न्यू जर्सी अशा राज्यांच्या टोल रस्त्यांवरही कंपनी पोहोचली. एक्स्प्रेस-वेवर फूड मॉल एकच असेल तर भुकेल्या प्रवाशापुढे पर्याय नसतो. हे गणित जॉन्सन यांना फार आधी कळले होते.

मध्ये दुसरे महायुद्ध आले. पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, सहलीसाठी गाड्या निघेनात. १९४४ पर्यंत कंपनीकडे जेमतेम डझनभर रेस्टॉरंट उरली. मध्यवर्ती स्वयंपाकघरांनी युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांना आणि लष्कराला अन्न पुरवले, त्यावर कंपनी तगली. साखळी रस्त्यावर उभी आहे आणि रस्ता पेट्रोलवर चालतो, हा इशारा तेव्हाच मिळाला होता.

युद्धानंतरची वाढ मात्र झपाट्याची होती. १९५४ पर्यंत सुमारे ४०० रेस्टॉरंट झाली. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे कंपनीचे पहिले मोटर लॉज सुरू झाले. जेवणाबरोबर आता मुक्कामही.

‘कौटुंबिक’ म्हणजे कोणाच्या कुटुंबासाठी?

कंपनीच्या जुन्या जाहिराती पाहून हळवे होणाऱ्या लेखांत हा भाग सहसा येत नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घाना देशाचे अर्थमंत्री कोमला ग्बेदेमा डेलावेअर राज्यातील डोव्हर येथील हॉवर्ड जॉन्सन्समध्ये थांबले. त्यांनी संत्र्याचा रस मागितला. कृष्णवर्णीयांना आत बसून खाता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. प्रकरण इतके वाढले की अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाऊसमध्ये न्याहारीसाठी बोलावले. १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील हॉवर्ड जॉन्सन्ससमोर नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांनी निदर्शने केली.

फ्रँचायजी स्थानिक प्रथा पाळतात, असे कारण अशा वेळी पुढे येई. पण पदार्थातील लोण्याचे प्रमाण मुख्यालयातून ठरवणाऱ्या कंपनीला दारातून कोणाला आत घ्यायचे हे ठरवता येत नव्हते, हे पटण्यासारखे नाही.

मुलाच्या हाती काय आले?

१९५९ मध्ये सूत्रे मुलाकडे, हॉवर्ड ब्रेनन जॉन्सन यांच्याकडे आली. तेव्हा ते पंचविशी ओलांडून थोडेच पुढे गेले होते. १९६१ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. रेस्टॉरंटची संख्या ६०० च्या पुढे गेली होती.

सुरुवातीची वर्षे चांगली होती. १९६० च्या सुमारास न्यू यॉर्कमधील ‘ल पॅव्हियाँ’ या अत्यंत महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटमधील दोन शेफ, पिएर फ्रॅने आणि जॅक पेपाँ, हॉवर्ड जॉन्सन्सच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात आले. पेपाँ यांना त्याच वेळी केनेडींच्या व्हाइट हाऊसमध्ये शेफ होण्याची संधी होती, ती त्यांनी नाकारली. दोघांनी मार्गारिनच्या जागी लोणी आणि वाळवलेल्या कांद्याच्या जागी ताजा कांदा वापरायला सुरुवात केली. लाखो लोकांच्या जेवणात असा बदल करणे हे मोठे काम होते. पेपाँ तिथे सुमारे दहा वर्षे राहिले.

त्यानंतरचा काळ उलट दिशेचा. शेअर बाजारात दर तिमाहीला नफा दाखवावा लागतो. रेस्टॉरंटमध्ये नफा वाढवण्याचे दोन मार्ग : गिऱ्हाईक वाढवणे किंवा खर्च कमी करणे. दुसरा सोपा असतो आणि त्याचा परिणाम ताळेबंदात लगेच दिसतो. १९७० च्या दशकात कंपनीने कर्मचारी कमी केले, पदार्थ स्वस्तात बसवले, जुन्या इमारतींच्या डागडुजीत हात आखडता घेतला. हॉटेल व्यावसायिक बिल मॅरियट यांनी पुढे सांगितले होते, की धाकटे जॉन्सन भेटले की खर्च आणखी कसा कापणार याबद्दलच बोलत असत. प्रतिस्पर्ध्याचे मत म्हणून ते थोडे बाजूला ठेवले, तरी टेबलावर गिऱ्हाइकाला तेच दिसत होते.

संस्थापक जॉन्सन १९७२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, लांबच्या सहली थांबल्या. कंपनीचा बहुतांश धंदा गाडीने फिरणाऱ्यांवर होता, त्यामुळे १९४४ चा धडा पुन्हा समोर उभा राहिला.

दोष फक्त मुलाचा होता का?

‘बापाने कमावले, मुलाने घालवले’ ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण ती अपुरी आहे. एक मोठे कारण रस्त्यांच्या कायद्यात होते. १९५६ नंतर केंद्राच्या निधीतून उभ्या राहिलेल्या नव्या आंतरराज्य महामार्गांवर, रस्त्याच्या हद्दीत व्यावसायिक रेस्टॉरंट उघडायला बंदी होती. जुन्या टोल रस्त्यांना त्यातून सूट होती. म्हणजे टोल रस्त्यावर हॉवर्ड जॉन्सन्सची मक्तेदारी टिकली, पण देशभर पसरलेल्या नव्या जाळ्यावर खाण्यासाठी गाडी महामार्गावरून खाली उतरवावी लागे. तिथे एकाच चौकात चार पाट्या असत आणि त्यात मॅकडोनल्ड्सची असे.

मॅकडोनल्ड्सकडे मोजके पदार्थ, टेबलावर वाढणारे कोणी नाही आणि काही मिनिटांत जेवण हातात. हॉवर्ड जॉन्सन्सकडे लांब मेन्यू, वेटर आणि मोठी इमारत. घाईत असलेले कुटुंब बर्गरकडे वळले आणि निवांत जेवू पाहणाऱ्याला आता शहरात बरेच काही मिळू लागले होते. खर्चकपातीचे नुकसान इथे दुप्पट झाले, कारण वेग हे या साखळीचे बलस्थान कधीच नव्हते. चव आणि भरवसा होता, कात्री नेमकी तिथे लागली.

साखळीचे तुकडे कसे झाले?

१९७९ मध्ये इम्पीरियल ग्रुप या ब्रिटिश कंपनीने हॉवर्ड जॉन्सन्स सुमारे ६३ कोटी डॉलरना विकत घेण्याचे ठरवले. तंबाखू, बिअर आणि बटाट्याचे वेफर्स हा तिचा मुख्य धंदा. सौद्यात १,०४० रेस्टॉरंट आणि ५२० मोटर लॉज होती. इथे एक गंमत आहे. फ्रँचायजीवर वाढलेल्या या साखळीतील सुमारे तीन चतुर्थांश रेस्टॉरंट तोवर कंपनीच्या स्वतःच्या मालकीची झाली होती. मोटर लॉजचे उलट होते, तिथे तीन चतुर्थांश फ्रँचायजी.

इम्पीरियलला धंदा सावरता आला नाही. १९८५ मध्ये त्यांनी तो मॅरियटला जवळपास निम्म्या किमतीत, सुमारे ३१ कोटी डॉलरना विकला. मॅरियटने लगेच मोटर लॉज आणि फ्रँचायजीचा भाग ‘प्राइम मोटर इन्स’ या कंपनीकडे दिला आणि स्वतःकडे कंपनीच्या मालकीची चारशेहून जास्त रेस्टॉरंट ठेवली. मॅरियटला हवे होते ते मोक्याच्या जागांचे भूखंड आणि टोल रस्त्यांवरील करार. आइस्क्रीमची परंपरा चालवण्यासाठी हा सौदा नव्हता. काही रेस्टॉरंटवर ‘बिग बॉय’सारख्या दुसऱ्या ब्रँडची पाटी लागली, काही पाडली गेली, काही विकली गेली. काही वर्षांतच मुख्य साखळी रस्त्यावरून नाहीशी झाली.

उरले ते फ्रँचायजीधारक. ज्यांनी स्वतःची पुंजी या नावावर लावली होती, त्यांच्यामागे आता मध्यवर्ती स्वयंपाकघर नव्हते, जाहिरात नव्हती, नवा मेन्यू ठरवणारे कोणी नव्हते. १९८६ मध्ये त्यांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली आणि नाव वापरण्याचे हक्क मिळवले. पण वयस्कर मालक निवृत्त होत गेले, जागांचे भाव चढत गेले आणि एकेक दार बंद होत गेले. न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील रेस्टॉरंट २००५ मध्ये बंद झाले, लेक प्लॅसिडचे २०१५ मध्ये, मेन राज्यातील बँगोरचे २०१६ मध्ये. शेवटचे न्यू यॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे १९५३ पासून सुरू होते. तेही २०२२ मध्ये बंद पडले.

मोटर लॉजच्या फ्रँचायजी मात्र हात बदलत राहिल्या आणि टिकल्या. ‘हॉवर्ड जॉन्सन’ हे नाव आज विंडहॅम या हॉटेल समूहाकडे असून, अनेक देशांत या नावाची हॉटेल आहेत. भारतात बेंगळुरूच्या हेब्बाळ भागातही या नावाचे हॉटेल सुरू झाले. २८ स्वादांचे आइस्क्रीम त्यांपैकी कुठेच मिळत नाही.