विकत घेतलेले सिनेमे

काउंटरवरच्या मुलीने टेप आडवी धरली आहे. बाजूचं बारीक बटण अंगठ्याने दाबून ती पुढची झडप उघडते आणि आतली काळी फीत दिव्याखाली तिरपी करून पाहते. फितीच्या कडेला सुरकुती पडली आहे का, बुरशीचे पांढरे ठिपके आले आहेत का, हे ती बघते आहे. अलीकडे साठीचा एक गृहस्थ हातात कार्ड घेऊन थांबला आहे. त्याला हवा असलेला भयपट १९८०च्या दशकात टेपवर निघाला आणि टेपवरच राहिला, डीव्हीडीवर कधी आला नाही. ही प्रत गेली तर दुसरी कुठून आणणार? म्हणून भाड्याखेरीज अनामत रक्कम ठेवायची. काही दुर्मीळ सिनेमांना ती शेकडो डॉलरमध्ये जाते. गृहस्थ कुरकुर करत नाही. टेप पिशवीत गेल्यावर ती पिशवी कोटाच्या आत धरून तो बाहेर पडतो, कारण बाहेर सिएटलचा बारीक पाऊस चालू आहे.

हे ‘स्केअरक्रो व्हिडिओ’. विद्यापीठाच्या भागात, रूझवेल्ट वेवर. दोन मजले, आणि जवळपास दीड लाख सिनेमे: टेप, लेझरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे. भाचा मला गाडीने घेऊन आला आहे. तो इथेच सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरी चार-पाच ओटीटींचे पैसे भरतो, आणि आत शिरल्यापासून त्याचं एकच चाललं आहे: “मावशी, हे सगळं घरबसल्या दिसतं की! मग लोक इथे कशाला येतात?”

मी त्याला उत्तर द्यायच्या फंदात पडत नाही, कपाटांकडे नेते.

पहिल्यांदा नजरेत भरते ती मांडणी. नट-नट्यांच्या चेहऱ्यांवर हे दुकान चालत नाही, दिग्दर्शकांच्या नावांवर चालतं. कुरोसावा एका ठिकाणी सलग, बर्गमन सलग, आपले सत्यजित राय सलग. ज्यांचे दोन-तीनच सिनेमे असतील अशांच्याही नावाची पट्टी आहे. पुढे देशांप्रमाणे लावलेले सिनेमे. दोन कपाटांमधल्या अरुंद वाटेत लोक एकमेकांना जागा देत, मान वाकडी करून, कव्हरांच्या पाठी वाचत सरकतात. एक मुलगा जमिनीवर मांडी घालून बसला आहे, बाजूला निवडलेल्यांची चळत. त्याची आई घाई करत नाही, ती स्वतःच पलीकडे काहीतरी वाचण्यात गुंतली आहे.

भारताच्या कपाटापाशी भाचा थबकतो. “सलाम बॉम्बे!” मीरा नायर यांचा हा सिनेमा १९८८चा. हे दुकानही त्याच वर्षीचं, डिसेंबरातलं. जॉर्ज लाटसिओस या सिनेमावेड्या माणसाने ते काढलं, जोडीला त्याची बायको रिबेका. त्याआधी एका रेकॉर्डच्या दुकानातून तो स्वतःच्याच संग्रहातल्या टेप भाड्याने देत असे. जागा पुरेना, तेव्हा १९९३मध्ये तो या इमारतीत आला.

लाटसिओसला एकच धंदा कळत होता, तो म्हणजे सिनेमे विकत घेणं. त्या काळी अमेरिकेत भाड्याच्या दुकानांसाठी निघणारी एकेक टेप ऐंशी-नव्वद डॉलरला पडे. नेहमीचा दुकानदार हिशेब करी, की ही किती वेळा भाड्याने गेली म्हणजे पैसे सुटतील. लाटसिओस असा हिशेब मांडतच नसे. एखादा सिनेमा सबंध शहरात एकालाच हवा असला तरी तो मागवणार, परदेशातून मागवावा लागला तरी मागवणार. परिणाम व्हायचा तोच झाला. कर्ज वाढलं, कर थकले, त्यात तो आजारी पडला. १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या दोघांनी, कार्ल टोस्टेविन आणि जॉन डॉफिनी यांनी, दुकान विकत घेतलं. लाटसिओस २००३मध्ये गेला. व्यवहार त्याला जमला नाही असं म्हणता येईल. मला मात्र या कपाटांमधून फिरताना वाटतं, की तो हिशेबी असता तर यातला निम्मा माल इथे आलाच नसता, आणि मग दुकान वाचवण्यासारखं त्यात काय उरलं असतं?

आमच्याकडेही व्हिडिओ लायब्ररी होत्या. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आले, त्यांच्या मागोमाग व्हीसीआर. ज्यांना तो परवडत नसे ते वर्गणी काढून एका रात्रीपुरता भाड्याने आणत, आणि आळीतली पोरंटोरं, म्हाताऱ्या, सगळी एका खोलीत पहाटेपर्यंत लागोपाठ तीन सिनेमे पाहत. त्या लायब्ररींमधला बराचसा माल चोरीच्या प्रतींचा असे. त्यावर १९८४मध्ये कायदा कडक करावा लागला. केबल आली, सीडी आल्या, तशी ती दुकानं मोबाइलची किंवा झेरॉक्सची झाली, आणि टेप रद्दीत गेल्या. तेव्हा कुणालाच त्यांचं काही वाटलं नाही.

इथे तसं न होण्यामागे कायद्याचाही हात आहे. अमेरिकेत तुम्ही एखादी टेप किंवा डिस्क रीतसर विकत घेतली, की ती प्रत तुमची. ती तुम्ही विका, उसनी द्या, भाड्याने द्या, निर्मात्याची परवानगी लागत नाही. आपल्या कायद्यात सिनेमाची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. ओटीटीचं गणित तर आणखी वेगळं. तिथे कंपनी ठरावीक मुदतीसाठी परवाना घेते, मुदत संपली की सिनेमा यादीतून जातो आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. लाटसिओसने पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेली टेप मात्र कुठल्याही कराराने परत जाणार नाही. ती खराब होऊ शकते, हरवू शकते. म्हणून तर ती मुलगी फीत दिव्याखाली धरून बघते आहे.

भाचा आता गप्प आहे. त्याने फोन काढला आहे. एकेक कव्हर उचलायचं, नाव टाकायचं, कुठे दिसतंय का बघायचं. पहिलं मिळतं. दुसरं भाड्याने मिळतं. तिसरा एक जुना हंगेरियन सिनेमा आहे, तो कुठेच नाही. चौथाही नाही. “अरेच्चा,” तो म्हणतो, आणि पाचवा उचलतो.

ब्लॉकबस्टरची एके काळी नऊ हजारांवर दुकानं होती. ती कंपनी २०१०मध्ये दिवाळखोरीत गेली. टपालाने डीव्हीडी पाठवूनच नेटफ्लिक्स मोठी झाली, तिनेही सप्टेंबर २०२३मध्ये डिस्क पाठवणं बंद केलं. स्केअरक्रोचं भाडंही आटत गेलं होतंच. २०१४मध्ये मालकांनी हा सगळा संग्रह विकून पैसे करण्याऐवजी ना-नफा संस्थेच्या हवाली केला. संस्थेने लोकांकडे एक लाख डॉलर मागितले, लोकांनी त्याहून जास्त दिले. पुढे टपालाने देशभर सिनेमे पाठवणं सुरू झालं. तरी भागलं नाही. २०२४मध्ये पुन्हा हात पसरावा लागला, या वेळी अठरा लाख डॉलरसाठी. दुकान वाचलं हे वाक्य इथे एकदाच म्हणून चालत नाही, ते दर काही वर्षांनी पैसे भरून म्हणावं लागतं.

मला यात कमीपणा वाटत नाही. ग्रंथालय भाड्यावर चालावं असं आपण म्हणत नाही, मग सिनेमांच्या संग्रहाने का चालावं? ‘आलम आरा’ची एकही प्रत आज नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ तुकड्यांत उरला आहे. लाटसिओस गेला त्याच वर्षी, जानेवारी २००३मध्ये, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. ती बातमी वाचतानाची चीड माझ्या मनात अजून आहे. ज्यांनी टेप रद्दीत घातल्या त्यांच्यात आमचंही घर होतं, तेव्हा दोष एकट्या सरकारला देऊन मोकळं होता येत नाही.

भाचा दोन्ही हातांत कव्हरं घेऊन काउंटरपाशी पोहोचला आहे. हंगेरियन सिनेमा टेपवर आहे आणि त्याच्याकडे व्हीसीआर नाही. मुलगी सांगते, यंत्रही भाड्याने मिळतं. त्यावर ती विचारते, टीव्ही किती जुना आहे? नव्या टीव्हींना जुन्या तारा लावायची सोय नसते, मग मध्ये जोडणी करणारी डबी घ्यावी लागते. मॉडेल काय, हे त्याला आठवत नाही. तो बाजूला सरकून घरी फोन लावतो.

“अगं, जरा टीव्हीच्या मागे बघ ना. पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं आहेत का? नाही, ते एचडीएमआय. त्याच्या खाली बघ. हो, मावशी माझ्याबरोबरच आहे, यायला वेळ लागेल आम्हाला. आधी भोकं बघ.”